अन्न घेतले नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वाघ तलावातच होता. हा चौथा दिवस.

मे महिन्यात तलावाचं पाणी आटून पाळीजवळच्या, म्हणजे मातीच्या बांधाजवळच्या, खोलगट भागात तेवढं उरलं होतं, गुडघाभर, गढूळ. एका काठाला वाघ पोटापर्यंत पाण्यात बसला होता. म्हातारा, मागचा एक पाय फाटलेला. दुसऱ्या काठाला वर्षभर वाढवलेले रोहू आणि कतले मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. काही मरून पांढरं पोट वर करून तरंगत होते.

मनसाराम पाळीवर कडुनिंबाखाली बसला होता. जाळं कधी टाकायचं हे गावातल्या मच्छीमारांना तोच सांगायचा. हिवाळ्यातल्या छातीच्या दुखण्यानंतर त्याला स्वतःला पाण्यात उतरवत नव्हतं, पण पाण्याकडे बघून किती वेळ उरला ते अजून कळत होतं. आज, फार तर उद्या दुपार. त्यानंतर जाळ्यात फक्त कुजलेलं येईल, आणि तीस घरांचं वर्ष त्यासोबत जाईल.

वनखात्यानं मनाईची पट्टी बांधून पाळ बंद केली होती; वाघ असेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नव्हतं. काल साहेब गाडीतून न उतरताच समजावून गेले. जखम दुसऱ्या वाघानं केलेली, वय झालेलं. अशा वेळी खातं हात घालत नाही. निसर्गाचा नियम आहे, ते म्हणाले. फक्त गाव जवळ म्हणून वरून थोडी मोकळीक मिळाली होती. तो स्वतःहून काही खात असेल, तर त्याला त्याच्या जागी राहू द्यायचं. आज संध्याकाळपर्यंत काहीच खाल्लं नाही, तर चंद्रपूरहून पिंजरा येईल.

मच्छीमार सोसायटीतल्या मिथुननं तेव्हा खिडकीशी वाकून विचारलं होतं, "साहेब, वाघ पाण्यात बसला तर निसर्ग, अन् आमी उतरलो तर गुन्हा. मंग आमी कशात येतो?"

साहेबांनी काच वर केली होती.

वनरक्षक प्रफुल चारही दिवस पाळीवर होता. दर दोन तासांनी वहीत एक ओळ लिहायची : वेळ, हालचाल, अन्न. त्याचे डोळे तांबारले होते. वाघाच्या आधी तुझाच नंबर लागते, असं मिथुन त्याला सकाळपासून चिडवत होता. प्रफुल हसतही नव्हता. पिंजऱ्यात गेलेला म्हातारा वाघ परत जंगलात येतो का, असं मनसारामनं त्याला विचारलं. येत नाही, तो म्हणाला. तिकडंच ठेवतात, भिंतीआड. औषध मिळतं, मांस मिळतं.

दुपारी मिथुन आणि बाकीचे जेवायला घरी गेले. प्रफुल झाडाला टेकल्या टेकल्या झोपला. मनसारामची बायको गोकुळा डब्यात पेज घेऊन आली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

तीनच्या सुमारास वारा सुटला. एक मेलेला कतला हळूहळू वाघाकडे सरकला. वाघानं मान खाली घातली, आधी नुसता वास घेतला. मग पंजानं मासा दाबला आणि डोळे मिटून, आजारी माणूस घास गिळतो तसा, खाऊ लागला. फार वेळ लागला त्याला. शेपटीकडचा तुकडा गळून पाण्यात पडला. तोही त्यानं हुंगत शोधून काढला.

गोकुळा वाघाकडेच बघत होती. "दवाखान्यातला डॉक्टरबी हेच म्हणला होता," ती म्हणाली. "वय झालं, निसर्गाचा नियम हाये, घरी न्या आता."

"मंग?"

"मंग काय. आणलं घरी. चमच्यानं पेज पाजली. तुमी गिळली."

तिनं झाकण काढून डबा मनसारामपुढे ठेवला. त्याच्यानं खाणं झालं नाही.

पावणेपाचला प्रफुल दचकून उठला. घड्याळ पाहिलं, वही उघडली. तीनची ओळ कोरी होती.

"भाऊ, माहा डोळा लागला होता. त्यानं काही खाल्लं का?"

मनसारामनं पाण्याकडे पाहिलं. हवेसाठी वर येणाऱ्या तोंडांनी ते उकळल्यासारखं दिसत होतं. खालून मिथुन आणि चार जण जाळं खांद्यावर घेऊन पाळ चढत होते.

"नाई," तो म्हणाला.

प्रफुलची नजर गोकुळाकडे वळली. ती तसाच भरलेला डबा पदरानं पुसत होती. त्यानं पेन काढलं. तीनच्या ओळीत लिहिलं, 'अन्न घेतले नाही'. पाचच्या ओळीतही तेच लिहून टाकलं आणि फोन लावायला रेंजसाठी पाळीच्या टोकाकडे गेला.

सहा वाजता निरोप आला की पिंजऱ्याची गाडी चंद्रपूरहून निघाली. मिथुननं पाळीवर जाळं पसरलं आणि फाटकी जागा शोधायला बसला. प्रफुलची पाठ फिरलेली पाहून मनसाराम उठला. कुंपणाचा एक लांब बांबू ओढून काढला आणि पट्टीखालून वाकून पाण्याच्या कडेला गेला. वारा अजून होता. मेलेले मासे वाघाच्या बाजूला जाऊन राहिले होते. गाडी येईपर्यंत त्यानं पुन्हा एखादा खाल्ला, तर तो प्रफुलला दिसला असता. त्यानं बांबूनं एक एक मासा अलीकडे ओढायला सुरुवात केली.

"भाऊ, सडके मासे काऊन काढून राह्यले?" मिथुननं वरून विचारलं.

"पाणी घाण होते," मनसाराम म्हणाला. त्याला धाप लागली होती.

सात वाजेपर्यंत गाडी पोचली नव्हती. काठाला माशांचा ढीग झाला होता. पलीकडून वाघ मान उचलून बांबूच्या टोकाकडे बघत होता.