जयेशच्या फिल्ममधला धूर

जयेशने हौसेने काढलेल्या नव्या फिल्ममध्ये तीन गोष्टी दिसत होत्या: गच्ची, टॉवेल नेसलेला राजा आणि मागे बंद मिलची चिमणी. चिमणीतून धूर निघत होता.

"काय ट्रिक केलीस?" शिखाने मामेभावाला दरडावलं.

"कसम से ताई, ट्रिक येत असती तर राजाला टॉवेल नेसवला असता का?"

तिचा विश्वास बसेना. पण मिल बंद पडल्यापासून दोन वर्षं घरी बसलेले बाबा टीव्हीसमोरून उठले आणि त्यांनी डबा मागितला. "मिल सुरू झाली!"

"बाबा, बॉयलरसुद्धा भंगारात गेलाय."

बाबा निघालेच. त्यांची खोटी आशा तिथेच मोडावी म्हणून शिखा कॉलेजचा थर्मामीटर घेऊन मागोमाग गेली. फाटकाचं सील शाबूत होतं. पडक्या भिंतीतून दोघं आत शिरली.

सावलीत पारा एकोणीस अंशांवर होता. चिमणीच्या विटांच्या फटीत तो त्र्याहत्तरवर थांबला.