दारावरचा सिग्नल

बाबा आत आले ते थेट कॅमेऱ्यासमोर. अंगात बनियन, हातात चहाचे दोन कप. पडद्यावरच्या गिऱ्हाईक बाईंना त्यांनी मान लववून नमस्कार केला आणि वर विचारलं, "तुम्ही घेणार का थोडा?" बाई हसल्या. स्वयंपाकघराचा नकाशा मात्र त्यांनी दुसऱ्याच कोणाकडून काढून घेतला.

लेक भडकली. "बाबा, हे ऑफिस आहे! कामाच्या वेळी आत यायचं नाही म्हणजे नाही."

ऑफिस कसलं, घरातली मागची खोली. कपाट बाहेर काढून तिथे टेबल, संगणक आणि नकाशे छापायचं यंत्र बसवलेलं. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एकटं ठेवू नका. तिनं चांगली नोकरी सोडली आणि लोकांना स्वयंपाकघरांचे नकाशे काढून द्यायचा धंदा घरातच मांडला. बाबांसाठी मांडलेल्या ऑफिसात बाबांनाच मज्जाव! बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

बाबांनी रागबिग धरला नाही. दोन दिवसांनी ते सुताराकडून लाकडाची एक गोल चकती घेऊन आले. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवी. दाराला बाहेरून खिळा ठोकून त्यांनी ती टांगली. चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार!

"लाल असली की गाडी बाहेर उभी. हिरवी केलीस की आत. फिरवायची तू. मी हात लावणार नाही."

पद्धत झकास बसली. हिरवी दिसली की बाबा तोंडानं शिट्टी वाजवत आत येत. लाल असली की दाराबाहेरच्या स्टुलावर निमूट बसून राहत. तिला हसू येई. एकदा तिनं विचारलं, "सिग्नलवाल्यालाच डुलकी लागली तर हो?"

"लागली होती एकदा. भर जंगलात दोन तास उभा होतो."

"मग निघायचं ना पुढे! कोण बघतंय?"

"लाल म्हणजे लाल, ठमे. पुढच्या रुळावर कोण आहे, ते आपल्याला कुठं दिसतं?"

त्या दिवशी सकाळी दहाला एका मोठ्या बांधकामवाल्याचा फोन यायचा होता. चाळीस घरांची चाळीस स्वयंपाकघरं. हे काम मिळालं तर धंदा तरणार होता. नाही मिळालं तर पुन्हा नोकरी, आणि बाबा दिवसभर एकटे. तिनं चकती लाल केली, दार लावून घेतलं आणि देवाचं नाव घेऊन फोन उचलला.

काम मिळालं. आनंदाच्या भरात तिनं लगेच पहिला नकाशा काढायला घेतला. रेघा ओढताना तिला कशाचंच भान उरलं नाही. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा कुठे ती उठली. "बाबा, मिळालं!" असं ओरडतच तिनं दार उघडलं.

बाबा स्टुलावर बसले होते. डोकं भिंतीला टेकलेलं. डुलकी लागली असावी असं तिला वाटलं. मग तिला दिसलं, त्यांनी बाहेर जायचा शर्ट घातला होता. पायात चपला होत्या. मांडीवर दवाखान्याची फाइल होती आणि फाइलीवरचा हात गार पडला होता.

तिचा आक्रोश ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन पाहिला. "अगं, एक हाक तरी मारायची त्यांनी! तू आतच होतीस ना?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजून गेला होता. फोन तर अकरालाच संपला होता. दार सताड उघडं होतं, आणि त्याच्यावरची चकती अजून लालच होती.