मुकादमाचा लाडू

दप्तर पाठीवर आपटत रविना शाळेतून जी सुटली, ती थेट वीटभट्टीच्या ट्रकपाशी. दिवाळी सरली होती आणि म्हातारी माणसं सोडून किन्हवलीजवळचा तिचा अख्खा पाडा पावसाळ्यापर्यंतच्या कामासाठी ट्रकमध्ये चढत होता. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मुकादम रिवाजाप्रमाणे बुंदीचा लाडू ठेवत होता. औंदा रविनाही कामाला जाणार, म्हणून पहिल्यांदाच एक लाडू तिच्या वाट्यालाही होता.

"आये, खाव नको गो!" ती लांबूनच ओरडली. "आमच्या बाईंनी ग्रीक देशाची गोष्ट सांगितली! शेतांच्या देवीची पोर पाताळात नेली. तिथं तिनं डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हनून तिला दरसाल परत जावं लागतं! ती गेली की आय रडते नि रानं सुकतात, ती आली की हिरवी होतात. आपलं पन तसंच नाय का? आपुन लाडू खातो म्हनून ट्रक येतो! नाय खाल्ला तर सुटलो!"

ट्रकमधली माणसं खो खो हसली. मुकादमही हसला. "घे गो पोरी, गोड हाय," म्हणत त्याने लाडू पुढे केला.

फक्त तिची आई सरू हसली नाही. तिने मुकादमाचा हात अडवला.

"मी तुझ्याएवढी असताना खाल्लेला," ती लेकीला म्हणाली. "तू नाय ना खाल्लास अजून?"

"नाय, नाय!" रविनाने जोरजोरात मान हलवली.

सरूने ट्रकमधून लेकीचं गाठोडं खाली टाकलं.

"मंग पळ आजीकडं. पाऊस घेऊनच येते मी."