लाल दोऱ्याची किल्ली

सरांनी एकविसावा निबंध उघडला आणि तिसऱ्याच परिच्छेदात त्यांना किल्ली सापडली.

"घ्या, आली," असं पुटपुटत त्यांनी पेन खाली ठेवलं. जिवाला चुटपुट लागली, कारण पोरगी हुशार होती.

विषय नेहमीचाच होता. शाळेला लावलेल्या त्या जुन्या कादंबरीतल्या थोरल्या सुनेच्या स्वभावाचं विवेचन करा. वीस जणांनी तिला सोशिक, त्यागी आणि घराचा आधार ठरवून टाकलं होतं. सुटले बिचारे! पण या मुलीची थोरली सून आठव्या प्रकरणात कोठाराची किल्ली विहिरीत टाकते आणि सकाळी घरातल्या सगळ्यांबरोबर ती शोधत बसते.

आता गंमत अशी, की शाळेच्या पुस्तकात असं काही नाहीच. हे आहे फक्त गाईडात, आणि ते गाईड सरांनीच पंचवीस वर्षांपूर्वी नाव न घालता लिहून दिलं होतं. पुस्तकाला हात न लावता गाईड घोकणारे पकडायचे म्हणून किल्लीच्या त्या दोन ओळी त्यांनी पदरच्या घातल्या. एका दुपारी कुठून सुचल्या कोण जाणे, पण सुचल्या तेव्हा सरांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. तेव्हापासून अकरा जण त्या किल्लीत अडकले. ज्याच्या निबंधात किल्ली, त्याला शून्य. बोलायचं काम नाही.

ही बारावी. आणि शून्य म्हणजे नुसतं शून्य नव्हतं. शाळा दरवर्षी एकाच मुलाची मोठ्या कॉलेजसाठी शिफारस करी, राहणंजेवण सगळं फुकट. यंदा ती जागा हिचीच, असं सगळे धरून चालले होते. नाव कापलं गेलं, तर पुढच्या महिन्यापासून ही आईशेजारी शर्टांना काजं करत बसणार, हे सरांना ठाऊक होतं. शिफारसपत्र आज दुपारी जायचं होतं.

त्यांनी शून्य काढायला पेन उचललं आणि पुढची ओळ वाचून थांबले. किल्लीला लाल दोरा बांधलेला होता, असं लिहिलं होतं.

लाल दोरा? तो तर गाईडात नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. ती दाराशी उभी राहिली आणि तिची नजर आधी तपासलेल्या गठ्ठ्यावर गेली. सरांना पोरं मागून 'शेपटे सर' म्हणत, ते त्यांच्या 'बरोबर'च्या खुणेमुळे. प्रत्येक खुणेला ते खाली एक वळलेली शेपटी काढत. चौथीत असल्यापासूनची खोड, याच शाळेच्या बाकांवर लागलेली. मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, तरी सुटली नव्हती.

"किल्लीला दोरा कुणी बांधला?"

"तिनंच, सर. हरवली तर सापडावी म्हणून."

"जी विहिरीत टाकायची, ती सापडावी कशाला?"

"बांधला तेव्हा टाकायचं ठरलं नव्हतं ना," मुलगी म्हणाली. मग जरा धीर करून पुढे बोलली, "आणि सकाळी ती किल्ली शोधत नव्हती, सर. आपल्याबरोबर कोण कोण शोधतंय ते बघत होती."

आपल्या दोन ओळींत एवढं होतं, हे सरांनाच माहीत नव्हतं. गाईड कुणाकडून आणलंस, असं त्यांनी दरडावून विचारलं, तर ती म्हणाली की गाईड तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. शाळेच्या वाचनालयात वरच्या फळीवर जाड पुस्तक आहे, त्यात वाचलं.

थापा! तीस वर्षं ही कादंबरी शिकवतोय आणि मला जाड पुस्तक सांगतेय. तरी मनातून तो लाल दोरा काही जाईना. निबंध हातात घेऊन ते तडक वाचनालयात गेले. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मग शून्य काढायचं.

ग्रंथपालबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. अकरा जणांतली पहिली तीच. तिची शिफारस हुकली आणि ती इथंच चिकटली. सरांना तेव्हा वाईट वाटलं होतं, पण नियम म्हणजे नियम. सरांनी विचारताच ती शिडीवर चढली आणि लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"ही मूळ आवृत्ती. शाळेची काटछाट केलेली आहे, सर. आठवं प्रकरण तर निम्मंच ठेवलंय."

"मला हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं? शून्य मिळालं तेव्हा मी दोन दिवस हे पुस्तक घेऊन तुमच्या दाराशी उभी होते."

अनुक्रमणिका न बघता, एका झटक्यात तिनं नेमकं पान उघडून दिलं आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

सरांनी चष्मा पुसला. कोठाराची किल्ली होती. विहीर होती. लाल दोराही होता. मी तर हे मनानं रचलं होतं, मग इथं आधीच कसं? पुस्तक तर त्यांच्या जन्माआधीचं. घाईघाईनं पहिल्या ओळीपासून परत वाचावं म्हणून त्यांनी पान खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

किल्लीच्या ओळीशेजारी, समासात, बरोबरची एक पुसट पेन्सिलीची खूण होती. तिला खाली वळलेली शेपटी होती.