तांबडं पाणी

डॉ. गोकुळदास केरकरांनी सुमंगला गावसचा पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला.

"चाळीस शिक्षकांत एक शून्य," ते म्हणाले. "उभ्या राहा, बाई. सगळ्यांना दिसू दे."

सुमंगला उभी राहिली. पाळी गावच्या प्राथमिक शाळेत ती पाच वर्षं हंगामी शिक्षिका होती. हा प्रशिक्षण वर्ग पास झाल्याशिवाय तिला नोकरीत कायम करणार नव्हते.

एकोणीसशे एकोणऐंशीचा मे महिना होता. डिचोलीतल्या एका हायस्कूलच्या सभागृहात डॉक्टर सहा दिवस 'बालकेंद्री अभ्यासक्रमाचं तत्त्वज्ञान' शिकवत होते. घोकंपट्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. हा तिटकारा ते सावकाश, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून सांगत, म्हणजे सगळ्यांना उतरवून घेता येई. मुलं त्यांना फारशी आवडत नसत. त्यांना 'बालक' आवडे. पणजीत बसून त्यांनी बालकावर दोन पुस्तकं लिहिली होती आणि त्यांतलं बालक कधी शेंबडं नव्हतं, भुकेलं नव्हतं, मध्येच बोलतही नव्हतं.

शेवटच्या दिवशी परीक्षेला एकच प्रश्न होता : बालक ज्ञान कसे मिळवते? एकोणचाळीस जणांनी डॉक्टरांचे पाच मुद्दे लिहिले. त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या पेपरावर 'उत्तम' असा शेरा मारला होता.

"आता या बाईंचं ऐका." त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि आवाज मुद्दाम बारीक केला. "'तिसरीच्या वर्गात मी पाण्याचा धडा घेत होते. पाण्याला रंग नसतो, असं वाचून दाखवलं. तेव्हा गंगा म्हणाली, बाई, आमच्या व्हाळाचें उदक तांबडें.'" डॉक्टर थांबले. "उदक तांबडें. हे यांचं शिक्षणशास्त्र."

सभागृह हसलं. कुठे हसायचं हे सहा दिवसांत सगळ्यांना पाठ झालं होतं.

"'मी तिला चूक म्हणू शकले नाही,'" डॉक्टर पुढे वाचू लागले. "'खाणीकडून येणारा आमचा ओहोळ पावसाळ्यात तांबडाच वाहतो. आम्ही सगळे ओहोळावर गेलो. काचेच्या बाटलीत ते पाणी भरलं आणि वर्गाच्या खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं शाळेत आली की दप्तर ठेवायच्या आधी बाटलीकडे धावू लागली.'"

या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी पान उलटलं, मागे अजून मजकूर दिसला आणि त्यांनी पेपर टेबलावर टाकला. "असंच पुढे पानभर. मुद्दा एकही नाही. बसा."

मागच्या बाकावरून विठ्ठल मांद्रेकर उठले. हे पेडण्याचे जुने मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि सहाही दिवस ते जेवणानंतर बसल्या जागी झोपले होते.

"सर, बाटलीत मागीर काय दिसलं?"

"मास्तर, तो आपला विषय नाही."

"नसेल. पण दिसलं काय?"

सहा दिवसांत डॉक्टरांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दुसऱ्या कोपऱ्यातूनही कोणीतरी म्हणालं, "सांगू दे त्यांना, सर." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "एका मिनिटात सांगा."

सुमंगलाने पेपर हातात घेतला नाही.

"चौथ्या दिवशी गाळ सगळा खाली बसला," ती म्हणाली. "वर पाणी अगदी नितळ. गंगाने बाटलीला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, 'बाई, रंग उदकाचो न्हय. मातयेचो.'"

विठ्ठल मास्तर स्वतःशीच हसले. बाकी सभागृह तिच्याकडे बघत राहिलं. वह्या उघड्या होत्या, पण कोणी काही लिहीत नव्हतं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते हुशार गृहस्थ होते.

"म्हणजे माझा तिसरा मुद्दा," ते चटकन म्हणाले. "बालक निरीक्षणातून ज्ञान मिळवते. एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर ही पाळी आली नसती. ठीक आहे. तिसरा मुद्दा आला असं धरतो आणि तुम्हाला पास करतो." त्यांनी लाल पेन उघडलं. "आभार नंतर माना. बसा आता."

सुमंगला बसली नाही.

"तिने आणखी एक विचारलं होतं, सर. ते मी पेपरात लिहिलं नाही."

"काय?"

"'मागीर ती माती कोणाची?'"

पहिल्या बाकावरच्या दोघांनी मान खाली घातली. एकाचा भाऊ खाणीवर सुपरवायझर होता, दुसऱ्याचा बाप खनिज वाहणाऱ्या बार्जवर. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या घरची चूल त्या मातीवर पेटत होती. डॉक्टरांचं पेन पेपरावर टेकलं आणि तिथेच राहिलं. पाचही मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं.

"मग?" विठ्ठल मास्तरांनी हळूच विचारलं. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

सुमंगलाने सभागृहाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. तिला त्यांचा राग येत होता, सहा दिवस येत होता. पण आता बोलताना तिने त्यांच्यावर आवाज चढवला नाही.

"माझ्या नवऱ्याचा ट्रक त्याच खाणीवर चालतो," ती म्हणाली. "मी मुलांना म्हटलं, पुढचा धडा काढा."