भोगीचं गाजर

"अजून डावीकडे," कुमुदताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवून सांगितलं. बाहेर त्यांचा मुलगा निनाद मांडीपर्यंत बर्फात उभा होता. कॅनडातलं ते परसदार पांढरंशुभ्र सपाट झालं होतं, आणि त्याच्या पोटात कुठेतरी त्यांचा गाजराचा वाफा होता.

ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आधी, त्यांनी वाफ्यावर वाळक्या पानांचा हातभर थर घालून वर जुनी गोधडी पांघरली होती. "आई, जानेवारीत इथं काही जगत नाही," निनाद म्हणाला होता. "भोगीच्या भाजीला घरचं गाजर हवं," एवढंच त्या म्हणाल्या. पहिला बर्फ पडल्यापासून मात्र पाय घसरायच्या धास्तीनं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

आज भोगी, आणि खुणेची काठी बर्फात गडप झालेली. पण उन्हाळाभर भांडी घासताना वाफा नळाच्या अगदी समोर दिसायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

"थांब. तिथंच खण."

फावड्याला गोठलेली गोधडी लागली. निनादनं ती उचलून पानं उपसली. खालची माती मऊ होती. त्यानं एक लांबलचक गाजर उपटलं आणि खिडकीकडे उंच धरलं.

कुमुदताई कधी बाहेर धावल्या ते त्यांनाही कळलं नाही. गाजर पदराला पुसून त्यांनी तिथंच कडकन मोडून खाल्लं. सगळ्या थंडीची त्यात साखर झाली होती.

"आई, घरातल्या सपाता आहेत तुझ्या पायात."

"असू देत. आधी फावडं इकडे दे."