पार्टी खोळंबलीय

बहीण दुपट्यातल्या लेकीला घेऊन हमरस्त्यावरच्या फाट्यावर येऊन उभी राहणार होती. भाची दोन महिन्यांची झाली, तरी ट्रक चालवणाऱ्या मामाने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आज माल त्याच वाटेने जायचा होता, म्हणून निघताना त्याने मालकाकडे अर्ध्या तासाची सवड मागितली.

"मिनिटभरसुद्धा नाही," मालक म्हणाला. "तिकडे पार्टी मालासाठी खोळंबलीय. आणि गाडी कुठे थांबते ते मला इथे फोनवर दिसतं, लक्षात ठेव."

फाटा आला. त्याने वेग जरा कमी केला, हॉर्न दिला. बहिणीने हसत हसत बाळ उंच धरलं आणि ट्रक थांबत नाही हे कळल्यावर हळूच छातीशी घेतलं. आरशात ती लहान होत गेली. मग जेवायलाही न थांबता त्याने गाडी दामटली आणि दुपारीच गोदाम गाठलं.

फाटकाला कुलूप!

"आत जागाच नाही हो," पहारेकरी म्हणाला. "सोमवारी उतरवून घेणार. तुमच्या मालकांना कालच कळवलंय की!"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथूनच फोन लावला. "मालक, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं ना," मालक शांतपणे म्हणाला.



"पण तुला सांगितलं असतं, तर तू वाटेत थांबला असतास."